यादीतून गाळलेली दोन माणसं

उद्यान खात्यात मी कंत्राटी डेटा ऑपरेटर होते. काम टेबलावरचं. रोपांची मागणी, माळ्यांची हजेरी, पंप बिघडल्याच्या तक्रारी, हे सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं. बाहेर फिरायचं काम माझ्याकडे कधी आलंच नव्हतं. त्या मे महिन्यात मात्र साहेबांनी मला बोलावलं आणि एक छापील तक्त्यांचा गठ्ठा हातात दिला.

"किल्ल्याच्या बागेत जाऊन यायचं. तिथं पाल ठोकून बसलेत त्यांची नावं, वयं, कागदपत्रं काय आहेत, सगळं लिहून आणा. सुपरवायझर रजेवर आहे."

"एकटीनं जायचं, साहेब?"

"दिवसाढवळ्या काय भीती? बरोबर एक शिपाई न्या."

भीती मला कशाचीही वाटते. लहानपणापासून. कुकरची शिट्टी, अनोळखी नंबरचा फोन, साहेबांचं 'जरा आत या', सगळ्याची. पण करार जूनमध्ये संपत होता, मुलगी बारावीच्या निकालाची वाट बघत होती, आणि नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान उन्हाळ्यापुरतंच काय ते चालायचं. नाही म्हणायची सोय नव्हती.

किल्ल्याच्या तटाला लागून असलेली ती बाग सोलापुरात कुणाला नवीन नाही. दगडी बाकं, चिंचेची आणि कडुलिंबाची जुनी झाडं, बंद पडलेलं कारंजं, आणि मागं काळ्या तटाची सावली. लहानपणी रविवारी वडील आम्हाला तिथं न्यायचे. पुढं मीही मुलीला नेलं. मग तिथं हळूहळू माणसं राहायला लागली. आधी बाकांवर झोपणारे एकटे-दुकटे, मग तटाच्या कडेला निळ्या प्लास्टिकची पालं, मग चुली, वाळत घातलेली लुगडी. मी मुलीला न्यायचं बंद केलं. फिरायला येणाऱ्यांनी तक्रारअर्ज दिला, तेव्हा तो कॉम्प्युटरवर मीच चढवला होता आणि मनात म्हटलं होतं, बरं झालं, कुणीतरी दिला. हे सांगायलाच हवं, कारण पुढं जे झालं त्यात मी फार चांगली होते असं कुणाला वाटायला नको.

सकाळी नऊलाच ऊन चटके देत होतं. शिपाई गेटापाशीच चहाच्या गाड्यावर रेंगाळला. मी तक्ता छातीशी धरून आत गेले. पहिल्याच पालातली बाई माझ्यासाठी देवासारखी धावून आली. सांगोल्याकडची, चाळिशीची, कपाळावर हिरवं गोंदण. नवरा मार्केट यार्डात हमालीला जायचा. मेंढरं विकून हे लोक शहरात आले होते.

"या की बाई. काय लिवायचं हाय? आमी हितं सा म्हयनं झालं. मी सांगते समद्यांचं, तुमी लिवा."

आणि खरंच तिनं मला पालापालातून फिरवलं. एक तेलुगू बोलणारे म्हातारे गृहस्थ होते, आयुष्यभर चादरीच्या मागावर काम केलेले. त्यांना मराठीत वय सांगता येत नव्हतं, तर तिनंच बोटांवर मोजून ठरवलं. एक फुगे विकणारं जोडपं होतं, दोन लहान मुलं. मी लिहीत होते, घाम पुसत होते, आणि मनातल्या मनात म्हणत होते, अजून थोडी, अजून थोडी, मग झालं.

तटाच्या अगदी कोपऱ्यात शेवटचं पाल होतं. त्याच्या बांबूपासून एक नायलॉनची दोरी निघाली होती. ती चिंचेच्या बुंध्याला वळसा घालून, कारंज्याच्या कठड्याला बांधून, थेट बागेतल्या संडासाच्या दारापर्यंत गेली होती. कमरेच्या उंचीवर. मला वाटलं कपडे वाळत घालायला असेल. तेवढ्यात संडासाकडून एक म्हातारी येताना दिसली. एका हातात डबा, दुसरा हात दोरीवरून सरकवत, न अडखळता.

"आंधळी हाय ती," सांगोल्याची बाई हळू आवाजात म्हणाली. "तिच्या मालकानं बांधलीया दोरी. लई जीव हाय म्हाताऱ्याचा."

पालातून म्हातारा बाहेर आला. उंच, कमरेत वाकलेला, पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घालून तक्त्यात बघायला लागले.

कारण मी त्याला ओळखलं होतं.

पहिलीपासून सहावीपर्यंत मी ज्या रिक्षातून शाळेत गेले, ती रिक्षा हा माणूस चालवायचा. आम्ही सगळी पोरं त्यांना चाचा म्हणायचो. मागच्या सीटवर पोरं कोंबलेली असायची, दप्तरं बाहेर दोन्ही बाजूंना लोंबकळायची. मी गर्दीला घाबरायची म्हणून त्यांनी स्वतःच्या शेजारी एक लाकडी फळी ठोकून घेतली होती, त्यावर मला बसवायचे. मला हाकही 'फळीवाली' अशीच मारायचे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात रिक्षा शिरत नसे. चाचा ती बोळाच्या तोंडाशी लावून मला दारापर्यंत सोडायला चालत यायचे आणि आईनं कडी काढल्याशिवाय परत फिरायचे नाहीत.

एकदा घराला कुलूप होतं. आईला माहेरी अचानक जावं लागलं होतं आणि वडिलांचा निरोप कुणाला मिळालाच नव्हता. मी तिसरीत असेन. रडून रडून मला उलटी झाली. चाचांनी शेजारी निरोप ठेवला आणि मला त्यांच्या घरी नेलं. एकच खोली. चाची जमिनीवर बसून शाळेच्या गणवेशांना काज-बटणं करत होत्या. आजूबाजूला पांढऱ्या शर्टांचा ढीग. त्यांनी माझा फ्रॉक धुऊन वाळत घातला, मला एक नवाकोरा शर्ट घातला आणि ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी समोर ठेवली. संध्याकाळी वडील आले तेव्हा मी चाचींच्या मांडीवर झोपले होते.

ती चाची आता दोरी धरून माझ्यापासून चार हातांवर उभी होती. "कौन है जी?" त्यांनी विचारलं. "आवाज नया है."

"ऑफिसवाल्या बाई हायत," चाचा म्हणाले. "नाव लिवायला आल्यात."

मी तक्त्याकडेच बघत विचारलं, "नाव काय तुमचं?" मी ओळख दाखवली नाही. का नाही, याचं उत्तर मी पुढं कितीतरी दिवस शोधलं. सांगोल्याची बाई शेजारी उभी होती, गेटावर शिपाई होता, माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं. एवढंच कारण असेल. किंवा त्यांना लाज वाटेल असं मी स्वतःला सांगितलं, आणि लाज खरं तर मला वाटत होती.

चाचांनी नाव सांगितलं नाही. ते सांगोल्याच्या बाईला म्हणाले, "तू जरा जाऊन ये गं." ती गेली. मग ते माझ्याजवळ आले.

"बाई, एक विनंती हाय. आमचं नाव लिवू नका."

"का?"

"मागं एकदा अशीच नावं लिहून नेली. दोन दिवसांनी गाडी आली. हिला बायकांच्या निवाऱ्यात ठेवलं, मला पुरुषांच्या. शहराच्या दोन टोकांला. हिची नजर शुगरनं गेलीया. तिथं कुणी वाईट नव्हतं, पण नवी जागा. चौथ्या दिवशी भिंतीला धडकून कपाळ फोडून घेतलं हिनं. मी रोज जायचो चालत, तर म्हणायचे भेटायची वेळ संपली. तिला घेऊन मी परत हितं आलो. हितं तिला सगळं पाठ झालंय. नाव लिहिलं की गाडी येती बाई. नका लिवू."

चाचींचा हात दोरीवरच होता. कपाळावर डाव्या बाजूला टाक्यांचा पांढरा वण होता.

"भावाकडं जाता येणार नाही का?" मी विचारलं. चाचींना एक भाऊ असल्याचं मला लहानपणापासून माहीत होतं. पण मला ते कसं माहीत, हे त्यांनी विचारलं नाही.

"होतो की दोन वर्षं. आमची भाड्याची खोली पाडली तवा तिकडंच गेलो. जा म्हणून कुणी म्हटलं न्हाई. पण त्याच्या पोरांची लग्नं झाली, घर एवढुसं. हिला संडासला जायचं झालं तरी तासभर आधी इचार करायची, कुणाच्या पायात यीन का म्हणून. मीच म्हटलं, चल. चार दिवस म्हणून हितं आलो. आठ म्हयनं झालं."

मी पेनाचं टोपण लावलं. "बरं," म्हटलं. "नाही लिहीत."

परत येताना मला हलकं वाटत होतं. ओळख दाखवली नाही तर नाही, निदान त्यांचं काम तरी केलं. ऑफिसात बसून मी यादी टाइप केली. एकोणीस पालं. विसावं गाळलं.

पाच दिवसांनी साहेबांनी मला एक पत्र टाइप करायला दिलं. त्यांच्या हस्ताक्षरातला मसुदा होता. बाग रिकामी करायची तारीख गुरुवार. आणि खाली: सोबतच्या यादीतील कुटुंबांना जुन्या कामगार वसाहतीतील रिकाम्या खोल्या तात्पुरत्या स्वरूपात देण्यात येत आहेत. प्रत्येक कुटुंबास एक खोली. यादीबाहेरील व्यक्तींचा विचार केला जाणार नाही.

प्रत्येक कुटुंबास एक खोली. मी ते वाक्य टाइप केलं आणि पुन्हा वाचलं. निवारा नव्हे, खोली. दोघांना एकत्र. दार असलेली.

पत्र सहीला घेऊन गेले तेव्हा मी विचारलं, "साहेब, यादीत कुणी राहून गेलं असेल तर?"

त्यांनी वर बघितलं. "कोण राहिलंय? तुम्ही स्वतः फिरलात ना?"

"हो साहेब."

"मग?"

"काही नाही. सहज विचारलं."

एवढंच. सांगायचं होतं ते गिळून मी बाहेर आले. सोमवार होता तो. घरी गेले, भाजी करपवली, मुलीवर विनाकारण ओरडले. नवरा जेवताना म्हणाला, "काय झालंय?" मी सगळं सांगितलं. तो फार बोलणारा माणूस नाही. ताटात हात तसाच ठेवून त्यानं ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक तुझी. मग सांगून टाक की."

"करार गेला तर?"

"गेला तर गेला," तो म्हणाला, पण म्हणताना त्यानं आतल्या खोलीत मुलीकडे बघितलं, ते मला दिसलं. मग म्हणाला, "उद्या सांग. सकाळीच."

मंगळवारी साहेब मीटिंगला गेले होते. दुपारी आले तर चिडलेले. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदा आत कुणी बसलं होतं, एकदा कुणीच नव्हतं आणि तरी मी परत आले. बागेत जाऊन चाचांना सांगावं असंही वाटलं. पण काय सांगणार? की तुम्ही नको म्हणालात ते मी ऐकलं, आणि त्यामुळं तुमची खोली गेली? बुधवारी नक्की सांगायचं असं ठरवलं. गुरुवारला अजून एक दिवस होता. मी सारखी पाणी पीत होते. दिवसभर नुसतं पाणी.

बुधवारी सकाळी सव्वासातला मी पोळ्या लाटत होते, तेव्हा शिपायाचा फोन आला.

"मॅडम, साहेबांनी यादीची एक प्रत घेऊन बागेत बोलावलंय. काम आजच सुरू झालंय. बंदोबस्त आजचा मिळाला."

गॅस बंद करायलाही मी विसरले. तो नवऱ्यानं केला. स्कूटीवरून जाताना मला रस्ता दिसत नव्हता असं म्हटलं तर खोटं ठरेल. सगळं लख्ख दिसत होतं. प्रत्येक सिग्नल, प्रत्येक गतिरोधक, आणि प्रत्येक ठिकाणी मनात एकच, अजून निघाले नसतील, अजून निघाले नसतील.

बागेच्या गेटाशी एक बस आणि दोन टेम्पो होते. कुणी कुणाला मारत नव्हतं, ढकलत नव्हतं, हे खरं सांगते. उलट सगळं फार व्यवस्थित चाललं होतं आणि त्यामुळंच मला जास्त भीती वाटली. एक कर्मचारी यादीतलं नाव वाचायचा, त्या पालातली माणसं गाठोडी उचलून बसकडे जायची, मजूर प्लास्टिक सोडवून घडी घालायचे. पालं गेली तिथं तटाच्या पायथ्याशी चुलींचे काळे डाग तेवढे उरले होते.

सांगोल्याची बाई बसच्या पायरीवर उभी होती. मला बघून तिनं हाक मारली. "ओ बाई! त्या म्हाताऱ्याला न्हाय व्हय घेतलं? त्याचं नावच न्हाय म्हंत्यात. तुमी तर गेला हुता की त्याच्याकडं!"

मी तटाच्या कोपऱ्याकडे धावले. दोरी कुणीतरी सोडून तिची गुंडाळी केली होती. चाची कारंज्याच्या कठड्यावर बसल्या होत्या. दोन्ही हात पुढं धरून काही तरी चाचपत होत्या. दोरी नव्हती, तर हातांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. एक मजूर त्यांना सांगत होता, "आजी, बसा. हलू नका." चाचा साहेबांसमोर उभे होते.

"परत एकदा बघा की साहेब. असंल नाव. खाली कुटं तरी असंल."

ज्या माणसानं मला हात जोडून नाव लिहू नका म्हटलं होतं, तो आता नाव शोधायला सांगत होता. खोल्यांची बातमी त्यांना त्याच सकाळी कळली होती.

साहेबांनी मला पाहिलं. "मॅडम, या. हे म्हणतात आठ महिने इथंच आहेत. तुम्ही आलात तेव्हा होते का हे?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात चाचाच बोलले. माझ्याकडे न बघता.

"त्या दिवशी आमी दवाखान्यात गेलो होतो साहेब. हिच्या शुगरसाठी. बाईंना आमी गावलोच न्हाई. बाईंची काय चूक न्हाई."

त्यांनी मला वाचवलं होतं. साहेबांचा चेहरा सैल पडला. "मग त्याला आम्ही काय करणार? यादीवर सह्या झाल्यात. पुढं कधी काही निघालं तर बघू. आत्ता इथून उठा तेवढं."

किती वेळ गेला माहीत नाही. दोन-चार सेकंदच असतील. त्या तेवढ्या वेळात मी करार, फी, भाडं, सगळ्याचा विचार केला. चाचींचे हात अजून हवेत होते.

"साहेब," मी म्हणाले. "ते इथंच होते. मी त्यांच्याशी बोलले. नाव मुद्दाम लिहिलं नाही मी. त्यांनीच नको म्हटलं होतं, पण त्यांना खोल्यांचं माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सोमवारी मला कळलं, तरी मी सांगितलं नाही."

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. "सोमवारी तुम्ही विचारलंत मला," ते हळू म्हणाले. "तेव्हाच बोलायचं ना, मॅडम." मग बसकडे एकदा बघून म्हणाले, "लिहून द्या. जसं झालं तसं. तुमच्या सहीनं. त्याशिवाय मी पुरवणी यादी करू शकत नाही. आणि केली तरी मंजुरीला वेळ लागेल."

स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून, यादीच्याच पाठीमागं मी लिहिलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की साहेबांनी एक ओळ मला वाचून दाखवायला लावली. बस निघून गेली होती. सांगोल्याची बाई खिडकीतून काही तरी ओरडली, ते मला ऐकू आलं नाही.

चाचा आणि चाची फूटपाथवर दोन गाठोडी आणि एक स्टोव्ह घेऊन उभे होते. मी नवऱ्याला फोन केला. "त्यांना घेऊन येऊ का?" एवढंच म्हणाले. "रिक्षा कर," तो म्हणाला. "स्कूटीवर नको बसवू त्यांना."

अकरा दिवस ते आमच्याकडे राहिले. ते अकरा दिवस गोड होते असं मी म्हणणार नाही. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर एक माळा. संडासाला चार पायऱ्या. चाची दर वेळी पायऱ्या मोजायच्या आणि तरी एकदा पडल्याच. मुलगी कॉटवरून जमिनीवर आली आणि दोन दिवस फुगून बसली. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, "पाहुणे कुठले?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता घरात डोकावली. मी ऑफिसात असताना घरी काय चाललं असेल या काळजीनं मला काम सुचत नव्हतं, आणि घरी आले की मंजुरी अडकली तर काय, या काळजीनं झोप येत नव्हती.

सगळ्यात आधी निवळली ती मुलगी. तिच्या ड्रेसचं बटण तुटून पडलं. चाचींनी आवाजावरून ते ओळखलं, "कुछ गिरा क्या बेटी?" म्हणाल्या, आणि सुईत दोरा तेवढा मुलीकडून ओवून घेतला. बटण नुसत्या बोटांनी लावलं. मुलगी बघत राहिली. त्यानंतर पायऱ्यांवर हात धरायला तीच जायला लागली.

चाचा घरात कमी थांबायचे. नवऱ्याबरोबर दुकानात जाऊन बसायचे, जुन्या मोटारींचे नट सोडवून द्यायचे. मला ते अजून 'बाई'च म्हणत होते. पाचव्या दिवशी, रविवार होता, मी ओट्याशी ज्वारी निवडत होते. ते समोर येऊन बसले. मला राहवलं नाही.

"चाचा, तुम्ही मला ओळखलं का?"

"हौ. फळीवाली." त्यांनी सहज सांगितलं, जणू मी वेळ विचारली होती.

"कधी?"

"तू पालापाशी आलीस तवाच. घाबरलीस की तू खालच्या ओठाला दात लावतीस. तवाबी लावायचीस."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी ज्वारीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "तू मान खाली घातलीस. म्हटलं, तुला नको असंल."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. 'जाऊ दे' म्हणाले नाहीत, माफ केलं असंही म्हणाले नाहीत. मला वाटतं, त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते लपवायचं वय त्यांचं राहिलं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, "तुझे वडील भले होते. हिला सांगायची गरजच पडली न्हाई. तिनं तर आवाजावरून पहिल्या रात्रीच वळखलं होतं इथं. मीच बोलू नको म्हटलं."

दहाव्या दिवशी पुरवणी यादी मंजूर झाली. वसाहत शहराच्या कडेला, हैदराबाद रोडच्या बाजूला. खोलीचा गिलावा पडलेला, पण दार होतं, कडी होती. नवऱ्यानं जाऊन वायरिंग नीट केलं. सांगोल्याची बाई तीन खोल्या सोडून राहत होती. चाचींना बघून तिनं त्यांना कडकडून मिठी मारली आणि मला म्हणाली, "आणलं व्हय एकदाचं? लई उशीर केला बाई तुमी." ती हसत होती, पण बोलली ते खरं होतं.

माझा करार जूनमध्ये संपला आणि पुन्हा झाला नाही. त्या कागदामुळं की दुसऱ्या कशामुळं, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. साहेबांनी निघताना एवढंच म्हटलं, "तुमचं टायपिंग चांगलं होतं." आता मी एका झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांच्या दुकानात काम करते. मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला.

बाग आता छान झाली आहे. नवीन दिवे आहेत, कारंजं चालू आहे, तटाच्या कडेनं लोखंडी कुंपण आहे. मी एकदाच गेले होते. फिरायला आलेली माणसं बाकांवर गप्पा मारत बसली होती. मला तिथं बसवेना. वाईट वाटलं म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर बागेचं सौंदर्य बघून मला आनंदच झाला, आणि त्या आनंदाची धास्ती वाटली, म्हणून उठले.

खोल्या तात्पुरत्या आहेत. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. वसाहतीतले सगळे माझ्याकडे येतात, मी लिहून देते. दोनदा मुदत वाढली. या वेळी अजून उत्तर आलेलं नाही. मुदत संपायला तीन आठवडे राहिलेत. काल चाचा येऊन गेले. "काय म्हणतं ऑफिस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येईल उत्तर. ते गेल्यावर मी पुन्हा एकदा यादी काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बोट ठेवून, एकेक नाव.